खोदकामाचा काळ

घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दृष्टान्त संत मत्तय व संत लूक या दोघांनीही दिला आहे; परंतु खडक लागेपर्यंत खोल खणल्याचा उल्लेख एकट्या संत लूकच्या शुभवर्तमानात आढळतो. आम्ही धर्मगुरू प्रवचनात खडकाविषयी पुष्कळ बोलतो, खणणाऱ्याविषयी क्वचितच. पालघर, बोईसर, तारापूरच्या या किनारपट्टीत मात्र किती खोल खणावे याइतकाच केव्हा खणावे हा प्रश्नही मोलाचा आहे.

आपल्याकडे वर्षाचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ऑक्टोबरच्या उन्हाने जमिनीचा वरचा थर तडकतो. पण हातभर खाली माती ओलीच असते आणि विहिरी भरलेल्या असतात. अशा वेळी खणलेल्या चरात रातोरात पाणी साचते व कडा ढासळतात. म्हणून पायाच्या खोदकामास डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पाणी खाली उतरलेले असते आणि जोत्यापर्यंतचे काम पुढच्या पावसाआधी उरकते.

विहिरीचा हिशेब निराळा. ती एप्रिल-मेमध्ये, पाणी तळाला गेले असता खणावी. तेव्हा लागलेला झरा सहसा बारमाही टिकतो. मात्र समुद्रालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. फार खोल गेल्यास किंवा बेसुमार उपसा केल्यास खारे पाणी वर येते. शिवाय मे महिन्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने पावसाळ्यापूर्वीच किनारा झोडपून काढला होता. खाडीकाठी तर तिथीही पाहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खड्ड्यात पाणी चढते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीत, काम सोपे जाते. आपल्या कोळी बांधवांना हे गणित तोंडपाठ असते.

मातीप्रमाणे माणसाचाही ऋतू असतो. भातकापणी आटोपली की जव्हार-मोखाड्याकडील वारली, कातकरी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि शिमग्याला गावी परततात. योग्य काळ निवडला तर त्यांच्या हाताला काम मिळते व त्यांचा सणही चुकत नाही.

तरीही आपण घाई करतो. देणगीदार सुट्टीवर आले आहेत, पायाभरणी सणालाच व्हावी, अशा कारणांनी भर पावसातही चर खणले जातात. हल्ली खणण्याचे काम जेसीबी करते. पण तळ साफ करायला आणि सळ्या बांधायला शेवटी माणूसच खाली उतरतो. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचा श्वास कोंडतो आणि फावड्याने त्याला वेळेत मोकळे करणे कठीण होते. म्हणून खोल चराच्या कडा उतरत्या ठेवाव्यात किंवा फळ्यांनी आवळाव्यात, उपसलेली माती काठावर रचू नये, आत शिडी असावी आणि पाऊस पडून गेल्यावर कडा तपासल्यावाचून कोणास खाली उतरवू नये.

प्रत्येक गोष्टीला नेमलेला समय असतो, ही उपदेशकाची शिकवण आपणास ठाऊक आहे. ती बांधकाम समितीच्या बैठकीतही आठवावी. घर आपले असो वा प्रभूचे, पायाभरणीची तारीख ठरविण्यापूर्वी त्या चरात कोण उतरणार आहे, हे आधी विचारावे. सण दर वर्षी येतो. मातीखाली गेलेला बाप मुलांना परत मिळत नाही.