मावळातली उजेडाची रात्र

वाचकहो, कार्तिकात मावळात गेलात तर एक रात्र मुक्काम करा. तळेगाव मागे पडले की भाताची खाचरे लागतात. कापणी उरकलेली असते, हवेत इंद्रायणीचा वास असतो. अंधारात डोंगर दिसत नाहीत; पण मध्येच एखादे पॉलिहाऊस कंदिलासारखे उजळते. आत शेवंती असते.

रात्री दहाला दिवे लागतात, दोनला विझतात. शेवंतीला लांब रात्र मिळाली की ती कळी धरते. बाजाराला तर लांब दांडा हवा. विक्रीच्या पुष्कळ जाती साडेचौदा तासांहून लहान दिवसात कळीवर येतात, आणि आपल्याकडचा मोठ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच. म्हणून दांडा वाढेपर्यंत रात्र मध्येच मोडावी लागते.

मी उतरलो त्या घराला २०१६ साली मीच सांगितले होते, "तांब्याचे चोक काढा, इलेक्ट्रॉनिक बसवा." हिशेब सरळ होता. ४० वॅटच्या ट्यूबमागे तांब्याचा चोक १०-१५ वॅट नुसता तापण्यात घालवतो, इलेक्ट्रॉनिक तीन-चार. शिवाय व्होल्टेज उतरले तरी ट्यूब लागते, लुकलुकत नाही.

जेवताना वहिनी म्हणाल्या, "साहेब, व्होल्टेज उतरल्याचं तुम्ही सांगितलंत. चढल्याचं नाही सांगितलंत."

ऐन दिवाळीत डीपीवरचा न्यूट्रल सुटला, व्होल्टेज एकदम चढले आणि एका बाजूचे सगळे चोक जळाले. दिवे घड्याळावर लागणारे, घर झोपेत. आठ रात्री कुणाला पत्ता नाही. वहिनी म्हशीसाठी उठल्या तेव्हा अर्धे पॉलिहाऊस काळे दिसले. तोवर वीतभर रोपांनी कळी धरली होती. तो माल हारवाल्याकडे मातीमोल गेला. घास माझ्या घशात अडकला.

आता त्यांनी ओळीआड एक तांब्याचा, एक इलेक्ट्रॉनिक असे चोक लावले आहेत. तांब्याचा जड, गुणगुणणारा, वीज खाणारा. पण असा धक्का बऱ्याचदा सोसतो. एक ओळ गेली तरी शेजारची थोडाफार उजेड देते.

तेव्हा बंधुभगिनींनो, दुकानात जाण्याआधी आठ दिवस मध्यरात्री आपल्या लाईनचे व्होल्टेज मोजा. फार उतरत असेल तर इलेक्ट्रॉनिक बरा. धक्के येत असतील तर तांब्याचा ठेवा, किंवा इलेक्ट्रॉनिकला संरक्षण जोडा. चोक दिव्याच्या वॅटचाच घ्या आणि चार जादा घरात ठेवा. आता एलईडी आले. त्यांना वेगळा चोक नसतो, पण पोटात तसलेच नाजूक सर्किट असते. धक्क्याची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

मध्यरात्री मला जाग आली. वहिनी बॅटरी घेऊन ओळी मोजत होत्या. मीही चपला घालून त्यांच्या मागे निघालो.