आडोसा

गेली दोन वर्षे शनिवारी संध्याकाळी आमच्या घरचे जेवणाचे टेबल जेवायला मोकळे नसते. त्यावर हिरवे कापड अंथरलेले असते, कापडावर दगडी घरे मांडलेली असतात आणि त्या घरांच्या आडून २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई एकमेकांवर नेम धरून उभे असतात. फासे टाकून, मोजपट्टीने अंतरे मोजून खेळायचा हा युद्धखेळ आमच्या मुलाने घरात आणला. शिपाई विकत घेतले. घरेही विकत मिळतात. पण ती परदेशातून मागवण्याची ऐपत आमच्या उत्साहात नव्हती. म्हणून ती आम्हीच बांधू लागलो. आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे दोघे नवराबायको, ज्यांचा कात्रीशी संबंध उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडण्यापुरताच होता.

हा नाद तसा जुना आणि प्रतिष्ठित आहे. १८१२ साली राइसविट्झ या प्रशियन गृहस्थाने राजासाठी एक टेबलच तयार केले होते. डोंगर, नद्या, गावे दाखवणारे सुटे तुकडे त्यावर हवे तसे जुळवता येत. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्धच कितीतरी बरे, असा त्याचा समारोप केला. दुसऱ्याच वर्षी खरे युद्ध सुरू झाले. वेल्स यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरले, असे मात्र नाही.

आमच्या टेबलावरचा प्रदेश इटलीतला आहे. त्यामागे मुलाचा हट्ट होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात वयाच्या बाविसाव्या वर्षी मारले गेले. तुकडीतले सगळे पडल्यावर ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, गोळ्या भरायला वेळ न उरल्याने हातातल्या बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि अखेर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे वाचल्यापासून मुलाला नॉर्मंडी नको होती; त्याला तिबेरचे खोरे हवे होते.

पहिले घर आम्ही फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे केले. त्यावर स्प्रेचा रंग मारताच भिंती डोळ्यांदेखत विरघळल्या. त्या रंगातले द्रावण थर्माकोल खाऊन टाकते, हे ज्ञान आम्हांला त्या दिवशी झाले. मग गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तो घट्ट फोम आणला. त्यावर बॉलपेनने दगडांचे सांधे कोरायचे, चुरगाळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा गोळा फिरवून दगडांना खडबडीतपणा आणायचा, पाणी घातलेल्या फेविकॉलने वाळू चिकटवायची. आधी काळपट रंग, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग. म्हणजे दगडांचे उंचवटे उजळतात आणि सांध्यांत अंधार राहतो. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत पन्हाळी निघतात. त्या विटकरी रंगवल्या की इटालियन कौलांचे छप्पर तयार होते. हे छप्पर चिकटवायचे नाही; आत शिपाई ठेवण्यासाठी ते उचलता आले पाहिजे.

वाद झाला तो भिंतीच्या जाडीवरून. मुलाच्या मते पाच मिलिमीटर पुरेत, सगळे तसेच करतात. आमच्यापैकी एकीला ते पटेना. दगडमातीची भिंत दोन फुटांहून कमी कशी असेल? त्या मापात दोन फूट म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. तिने फोमचे दोन थर चिकटवले. मुलाने विचारले, “आई, तू कधी इटलीला गेली होतीस?” ती इटलीला गेली नव्हती, पण तिचे आजोळ औसा तालुक्यात होते.

पुढच्या महिन्यात मुलाने पडके घर मागितले. त्याचेही कारण खेळातच होते: पडक्या घरात हात सहज जातो, दोन भिंतींचा कोपरा उभा असला तरी आडोसा मिळतो आणि युद्धाचे वातावरण येते. जगभरचे शौकीन अशी भग्न घरे हौसेने करतात. कोणती तुळई कुठे मोडलेली दाखवावी, ढिगाऱ्यात कौलांचे तुकडे किती असावेत, यावर त्यांच्यात बारकाईने चर्चा होते. आम्ही फोम कापायला बसलो आणि हात थांबला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर काही तासांत, किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी वडिलांबरोबर ती आजोळी पोहोचली. त्या घरांच्या भिंती जाडजूड होत्या, पण दगड मातीत रचलेले होते. वर माळवद. पावसात गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे माती टाकलेली; गळती थांबत गेली आणि ओझे वाढत गेले. ज्या काळजीने घर राखले, तीच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. सगळ्या भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. तिला आठवते ती एकच उभी भिंत. त्या भिंतीत देवळी होती आणि देवळीच्या वर दिव्याची काजळी.

आता त्या काजळीचा उपयोग फोमवर करायचा? आम्ही दोघेही वर्गात शोकात्मिका शिकवतो. दुसऱ्याच्या विनाशातून रसिकाला आनंद कसा होतो, हा प्रश्न परीक्षेत दहा गुणांना घालतो आणि उत्तरे तपासतो. पण हा प्रश्न हातात कटर घेऊन कधी सोडवावा लागला नव्हता. खेळाच्या नियमांत घर म्हणजे आडोसा. तेथे कोण राहत होते, याला गुण नाहीत. आम्हांला मात्र घर म्हणजे आसरा एवढेच ठाऊक होते. यशवंत घाडगे ज्या मुलखात लढले, तिथल्या गावकऱ्यांनाही दुसरे काही ठाऊक नसावे.

आठ दिवस काम बंद राहिले. मुलाने तगादा लावला नाही. बहुधा बाबांनी त्याला थोडेफार सांगितले होते. नवव्या दिवशी तिने आपणहून कापायला घेतले. भिंत उभी केली, तिच्यात देवळी कोरली आणि वर बोटाने काळा रंग पुसटसा लावला. इटलीत देवळी असते की नाही, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

दिवाळीला आजी आल्या. किल्लारीजवळचे ते गाव म्हणजे त्यांचे माहेर. टेबलावरचे ते घर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. ते झाकून ठेवायला हवे होते, असे आम्हां दोघांनाही वाटून गेले.

“कुणाचं घर हाय रे हे?” त्यांनी नातवाला विचारले.

“कुणाचंच नाही आजी. आडोशाला आहे.”

“आन् चूल कुठाय?”

नातवाने आमच्याकडे पाहिले. चूल आम्ही केलीच नव्हती. दोन महिने जाडी मोजली, दगडांचे सांधे कोरले, आणि घरात चूल लागते हे तिघांनाही सुचले नव्हते.

भाऊबीजेच्या दुपारी आजीने दाखवलेल्या कोपऱ्यात चूल बसवली. तिच्यामुळे आत एक शिपाई कमी मावतो, अशी मुलाची तक्रार आहे. ती खरीच आहे. परंतु चूल त्याने अजून काढलेली नाही.