बाहेर बघणारा डोळा

काकू, जास्वंद कौलांना टेकली आहे. पागोळ्यांच्या रेषेत तू तिला कधी येऊ दिलं नाहीस. आता तिच्या फांद्या वाशांखालून आत शिरल्यात आणि वारा सुटला की कौलं हलवतात. पडवीत ओल उतरली, म्हणून छाटणीला हात घातला. नाहीतर माझ्याने झालं नसतं.

रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक पावसाळा लक्ष नाही दिलं तरी अंगण हातचं जातं. आपल्या वाडीत आता निम्म्या घरांची हीच गत आहे. माणसं ठाण्याला, डोंबिवलीला. गणपतीत दार उघडतं, शिमग्याला पालखीपुरतं, मग पुन्हा कुलूप. तू एकटी मागे राहिलीस, आणि तुझ्या राहण्याने आपलं अंगण अंगण राहिलं.

जास्वंद गावठीच, पाच पाकळ्यांची, तांबडी. जून लाकडावर ती फुलत नाही, नव्या फुटीवर फुलते. फूल एका दिवसाचं. देवाला रोज ताजं हवं आणि ते हाताशी हवं, म्हणून दसरा झाला की तू कोयती आणि कात्री घेऊन उभी राहायचीस. वाढू दिली त्या वर्षांत फुलं सगळी शेंड्याला गेली, छपरावर उमलली आणि तिथेच सुकून पडली.

फांद्या बाजूला करत खाली वाकलं की आत तुझा हात दिसतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर पहिलं बेचकं, त्याच्या वर वीतभर अंतराने दुसरं, मग आणखी एक. फांदीला शेंडा असतो तोवर तो ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली धाडत राहतो आणि बगलेतले डोळे मिटून असतात. शेंडा गेला की ते उघडतात, आणि एका फांदीच्या दोन होतात. केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी १९३३ साली हे प्रयोगाने दाखवलं: शेंडा काढून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे मिटलेलेच राहिले. म्हणजे इथलं प्रत्येक बेचकं हा तू घातलेला एक काप आहे, एका वर्षाचा. तुझा अख्खा संसार या लाकडात खालून वर वाचता येतो. सगळ्यात वरच्या बेचक्यानंतर मात्र फांद्या सरळ सुटल्या आहेत, पुरुषभर लांब, हडकुळ्या, उजेडाकडे पळालेल्या. त्यांना क्वचितच फाटा आहे. ही तुझ्यानंतरची वर्षं.

ती कापायला घेतली. कात्री चालत गेली तसा तुझा घेर उघडा पडत गेला.

‘डोळ्याच्या वर पेरभर ठेव, आणि डोळा बाहेर बघणारा निवड.’ हे तू मला परकर-पोलक्याच्या वयात सांगितलं होतंस. आत बघणारा डोळा ठेवला की फूट झाडाच्या पोटात शिरते, वारा खेळत नाही, मावा आणि पिठ्या ढेकूण मुक्कामाला येतात. काप तिरका, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला, पाणी साचू नये म्हणून. मी प्रत्येक फांदी हातात फिरवून डोळा शोधत होते. तांदळाच्या कणीएवढा, हिरवट, सालीला चिकटलेला. त्यातून पुढच्या गणपतीचं फूल यायचं आहे, हे बघूनही खरं वाटत नाही.

अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि सांगितलं की झाडाची जखम भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं, कडेने नवं लाकूड आणून तिला झाकून टाकतं, आणि जखम आत आहे तशी राहते. काका गेले त्या वर्षीही तू दसऱ्यानंतर छाटणी केलीस. कापांवर शेणमाती लिंपलीस, हात धुतलेस, चहा टाकलास. कुठल्या तरी एका बेचक्याच्या पोटात ते वर्ष आहे. शायगोंच्या मते लेपाने कुजणं थांबत नाही, आणि त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलं होतं. तरी मी शेणमाती लावली.

घाणेरी मात्र मुळासकट काढायची होती. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेच्या शोभेसाठी आणलेलं हे अमेरिकेकडचं झुडूप. बुलबुल फळं खातात आणि बी गडग्यावर टाकून जातात. वरून कापली तर बुंध्यातून दुपटीने फुटते, म्हणून कुदळ खाली घालून मूळ उचकटावं लागतं. वाडीतले तात्या मदतीला आले, हात ओरबाडून निघाले. तिच्याखाली जांभ्याचे चिरे मांडलेला तुझा वाफा सापडला. अबोलीचा. एकही रोप उरलं नव्हतं. तू वेणीला दोऱ्यात गुंफायचीस ती अबोली, काकू. तिथे मला रडू आवरलं नाही, आणि तात्याही कुदळ टेकून थांबले.

अनंताला हात लावला नाही. त्याची छाटणी बहर सरताच करायची असते. आता कापला तर पावसाच्या तोंडची फुलं जातील.

जास्वंदीच्या काड्या जाळायला दिल्या नाहीत. ना कोवळ्या ना जून अशा निवडून घेतल्या, वीत वीत लांबीच्या. खालचं टोक तिरकं, वरचं सरळ, म्हणजे कोणी उलट्या रोवणार नाही. पानं काढली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. काही डोंबिवलीच्या गॅलरीत जातील, काही पुण्याला. तू ही जास्वंद लग्नानंतर माहेराहून, लांज्याजवळच्या घरून, अशीच काडी करून आणली होतीस. तिकडचं मूळ झाड महामार्गाच्या चौपदरीकरणात पुढच्या अंगणासकट गेलं. काडीतून येतं ते तेच झाड असतं. परवा तुझ्या भाचेसुनेला फोन केला. मागच्या बाजूला विहिरीपाशी जागा आहे म्हणाली, दुपारचं ऊन येतं. चार काड्या घेऊन रविवारी जाते आहे. एक जगली तरी पुरे.