अकरावा खेळाडू

फुटबॉलच्या टीममध्ये खेळाडू किती? शाळेतलं पोरगंही सांगेल, अकरा. पण खरं सांगायचं तर कित्येक वर्षं टीम खेळायची ती दहाच जणांची. अकरावा वेगळ्या रंगाचा शर्ट घालून जाळ्यापुढे उभा. त्याचं काम हातांचं. चेंडू आला की अडवायचा, अडवला की जमेल तेवढा लांब भिरकावून द्यायचा. पुढचं पुढचे बघतील!

आज या अकराव्या माणसाबद्दल लिहायचंय, आणि तेही त्याच्या हातांबद्दल नाही, पायांबद्दल. गोलकीपरला नीट पास देता येतो की नाही, एवढ्या एका गोष्टीवरून आपली टीम कुठे उभी राहणार, समोरची टीम कुठे उभी राहणार, हे सगळं ठरतं. आणि त्यात काही चुकलं तर बिल कोणाच्या नावावर फाटतं, हाही भाग आहेच.

मी मूळचा हिवरा आश्रमचा. बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका. विवेकानंद आश्रमामुळे ओळखलं जाणारं गाव. गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या जास्त जवळ जाल, असं तरुणांना बजावणारे हेच ते विवेकानंद. आणि आमच्याकडे चलती कोणाची, तर क्रिकेटची. असो. पण गोलकीपरच्या पासचं महत्त्व मला कळलं ते गावच्या पंगतीमुळे. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला लाखो माणसं मोकळ्या शेतात रांगेने बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी. एवढ्या लोकांना हातात बादली घेऊन वाढणं शक्यच नाही, म्हणून वाढप ट्रॅक्टरमधून. बघणाऱ्याचं लक्ष वाढणाऱ्यांच्या हातांकडे असतं. पण खरी गंमत त्याच्या आधीची आहे. अन्न जिथून निघतं तिथून कुठला ट्रॅक्टर कुठल्या रांगेत सोडायचा, हे तिथे उभा असलेला माणूस ठरवतो. तो चुकला की एका रांगेत दोनदा भाजी आणि दुसऱ्या रांगेत नुसत्या पुऱ्या. गोलकीपर म्हणजे हा माणूस. वाटप त्याच्यापासून सुरू होतं.

आता थोडं गणित. मैदानावर कीपर सोडून दहा विरुद्ध दहा. समोरच्या टीमने एकेकाला एकेक माणूस लावला तर कोणीच मोकळं नाही. पण तुमच्या कीपरला पास देता येत असेल तर तुम्ही झालात अकरा, आणि त्यांचा कीपर तर शंभर मीटर लांब, त्याच्या गोलसमोर. म्हणजे तुमच्याकडे कायम एक माणूस जास्त. आता त्यांच्या स्ट्रायकरपुढे पेच. तो कीपरवर धावून आला तर ज्या डिफेंडरला त्याने धरून ठेवलं होतं तो सुटला. नाही आला तर कीपर निवांत मान वर करून बघणार. म्हणून चांगला कीपर बऱ्याचदा चेंडूवर पाय ठेवून नुसता उभा राहतो. टीव्हीवर बघताना आपण ओरडतो, ‘अरे मार ना!’ पण तो वाट बघत असतो. ये बाबा, ये माझ्याकडे. तू आलास की मागे जागा झाली.

दुसरी गोष्ट लांब पासची. गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मँचेस्टर सिटीने 2017 मध्ये एडरसनला आणलं तेव्हा या नियमाचं सोनं झालं. हा माणूस 60-70 मीटरवर माणूस हेरून चेंडू टाकू शकायचा. मग समोरच्या डिफेंडरांना पुढे सरकायची भीती. ते मागे राहणार, त्यांचे स्ट्रायकर प्रेस करायला पुढे जाणार आणि मधे भलंमोठं मैदान मोकळं. लक्षात घ्या, एडरसनने तो लांब पास प्रत्यक्षात द्यायचीही गरज नाही. तो देऊ शकतो, एवढ्यानेच समोरची टीम रबरासारखी ताणली जाते.

हे सगळं नियमांनी घडवलं. 1992 पर्यंत डिफेंडरने मागे दिलेला चेंडू कीपर खुशाल हातात घ्यायचा आणि वेळ काढायचा. त्या वर्षी बॅकपासचा नियम आला, हात बंद, आणि जगभरच्या कीपरांना एकदम आठवलं की आपल्याला पायही आहेत. 2019 मध्ये दुसरा बदल. गोल किक बॉक्सच्या बाहेर जायलाच हवी ही अट गेली. आता डिफेंडर कीपरच्या शेजारी, बॉक्समध्येच उभा राहून पास घेऊ शकतो. समोरच्याला बोलवायचं तर अगदी घराच्या ओसरीपर्यंत बोलवा!

ओसरीपर्यंत बोलावलेला पाहुणा कधीकधी स्वयंपाकघरात शिरतो, ही पुढची गोष्ट. आणि ती आपल्याकडची आहे, गोव्याची आणि मुंबईची.

2017 मध्ये एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा नावाचा स्पॅनिश कोच आणला. बार्सिलोनात घडलेला माणूस. त्याचा हट्ट एकच, खेळ मागून बांधायचा, कीपरपासून. कीपर होता गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. आता आपल्याकडचे कीपर कसे वाढले ते बघा. लाल माती नाहीतर काळी माती, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. अशा मैदानावर मागून छोटा पास देणं म्हणजे विषाची परीक्षा. तिथे लांब किक हीच शहाणपणाची, आणि ती चांगली मारणारा तो चांगला कीपर. कट्टीमणी चेंडू अडवण्यात उत्तम होता. आणि त्याला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सांगितलं गेलं की तू आता आमचा पहिला पासर.

नोव्हेंबर 2017, अंधेरीचं मैदान, मुंबई सिटीविरुद्ध सामना. चेंडू कट्टीमणीच्या पायाशी, त्याला एक क्षण जास्त लागला आणि एव्हर्टन सांतोसने तो काढून घेऊन गोल केला. गोवा 1-2 हरलं. त्या क्लिपवर लोक किती हसले! पण त्याच मोसमाचे आकडे बघा. साखळीच्या 18 सामन्यांत गोव्याने 42 गोल मारले, लीगमध्ये सर्वात जास्त. खाल्ले 28. दोन्ही आकडे एकाच विहिरीचं पाणी आहेत. समोरच्यांना पुढे ओढल्यामुळेच कोरो आणि मंडळींना मागची मोकळी जागा मिळत होती. फरक एवढाच, की 42 गोलांखाली कीपरचं नाव येत नाही आणि त्या एका गोलाखाली फक्त त्याचंच येतं.

लोबेराने हट्ट सोडला नाही. पुढच्या मोसमात त्याने मणिपूरच्या मोहम्मद नवाझला उतरवलं, वय 18. गोवा मार्च 2019 ची फायनल खेळलं, आणि मुंबईकर राहुल भेकेच्या 117 व्या मिनिटाच्या हेडरने बेंगळुरूकडून हरलं. 2019-20 ला गोवा साखळीत पहिलं आलं. लोबेरा मोसम संपण्याआधीच गेला होता, पण पाया त्याचाच.

मग तो मुंबई सिटीत आला. नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबईचा मोठा हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, घेतलेला. म्हणजे एडरसनवालेच. मुंबईचा कीपर अमरिंदर सिंग, आपल्या जुन्या पुणे एफसीतून वर आलेला. कोविडमुळे 2020-21 चा सगळा मोसम गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर झाला. मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे 40 गुण, आपसातले सामने जिंकल्यामुळे मुंबई पहिली. आणि फायनलला पुन्हा हेच दोघे. 13 मार्च 2021, फातोर्डा.

ही फायनल म्हणजे आजच्या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे. 18 व्या मिनिटाला मुंबई मागून खेळ बांधत असताना अहमद जाहूने स्वतःच्या गोलजवळ चेंडू गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. झालं, हट्टाची किंमत वसूल. दुसऱ्या एखाद्या टीमने त्यानंतर लांब किका सुरू केल्या असत्या. मुंबईने आपला खेळ सोडला नाही. 29 व्या मिनिटाला त्याच जाहूच्या लांब पासवर मोहन बागानच्या तिरीकडून स्वयंगोल झाला. 1-1. मग 90 वं मिनिट. मोहन बागानचा अरिंदम भट्टाचार्य, त्या मोसमाचा गोल्डन ग्लोव्ह विजेता, लांबून आलेला चेंडू साफ करायला गोल सोडून पुढे आला आणि त्याला तो साफ करता आला नाही. ओग्बेचेने चेंडू मिळवून बिपिन सिंगकडे दिला. 2-1. मोसमभर ज्याचे हात सर्वात भरवशाचे ठरले, त्याची फायनल हातांनी नाही हरवली.

यावरून ‘बघा, पाय नसलेल्या कीपरचं दुकान बंद’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण साधारण एक वर्ष थांबा. 20 मार्च 2022, तेच फातोर्डा. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, 1-1, पेनल्टी शूटआउट. हैदराबादच्या कीपरने तीन पेनल्टी अडवल्या आणि कप आणला. कीपर कोण? लक्ष्मीकांत कट्टीमणी.

मला ही गोष्ट फार आवडते. माणूस तोच. एका व्यवस्थेत हसण्याचा विषय, दुसरीत हिरो.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर काही कोसळलं की चांगल्या टीममध्ये ‘कोणी केलं’ हा पहिला प्रश्न नसतो. एका माणसाच्या एका चुकीने सगळं कोसळू शकतं अशी रचना कोणी केली, हा असतो. कीपरकडून पासची अपेक्षा करणारा कोच मुद्दाम तसं एक नाजूक ठिकाण तयार करतो, कारण त्यातून फायदा मोठा आहे. ठीक आहे. पण मग त्याने बाकी दहा जणांनाही कामाला लावलं पाहिजे. दोन्ही सेंटर बॅकनी रुंद पसरायचं, मिडफिल्डरने खाली येऊन तिसरा पर्याय द्यायचा, आणि चेंडू गेलाच तर कोण कुठे धावणार हे आधी ठरलेलं हवं. कीपर चुकीचा पास देतो तेव्हा पुष्कळदा त्याच्यापुढे बरोबर पास शिल्लकच नसतो. रिप्लेमध्ये कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो. तो खरं म्हणजे त्या दहा जणांवर जायला हवा.

आणि वारं एकाच दिशेने वाहत नाही. 2025 मध्ये पॅरिसने डोनारुम्माच्या हातांच्या जोरावर चॅम्पियन्स लीग जिंकली आणि दोनच महिन्यांत, आम्हाला वेगळ्या पद्धतीचा कीपर हवाय म्हणत, त्याला बाजूला केलं. त्याला उचललं कोणी? एडरसनला निरोप देणाऱ्या ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीने! ज्या माणसाने जगभरच्या कीपरांना पाय वापरायला लावले, तोच आता मोठ्या हातांचा कीपर घेऊन बसला. कारण समोरच्या टीमही शिकल्या. त्या आता माणसाला माणूस लावून थेट कीपरपर्यंत येतात, आणि ओसरीवर बोलावण्यातला फायदा घटत चाललाय.

तरी पुढची मॅच बघताना एक करा. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे नाही, कीपरकडे बघा. तो पाय ठेवून थांबतो का? थांबला तर त्याचे दहा जण कुठे उभे आहेत? त्याला किमान दोन पास दिसतायत का? दिसत असतील तर ती टीम खरंच अकरा जणांची आहे. दिसत नसतील आणि तरीही कोच बाहेरून ‘छोटा खेळ, छोटा खेळ’ ओरडत असेल, तर पुढे काय होणार आणि शिव्या कोण खाणार, हे तुम्ही आधीच सांगू शकाल.