डोळ्यात पाहून डोळे येत नाहीत



२०२३ चा पावसाळा आठवतो ना? जुलैमध्ये पुण्याजवळच्या आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. विदर्भात बुलढाणा जिल्ह्याला तर तिचा फारच फटका बसला. आमच्या कन्हानलाही घरोघरी लाल डोळे आणि काळे चष्मे दिसू लागले. वर्गात पोरांचं एकच चालू, "मॅडम, त्याच्याकडे पाहू नका, तुमचेही डोळे येतील!" एक मुलगा पूर्ण बरा होऊन शाळेत आला, तरी चार दिवस त्याच्या शेजारी कोणी बसेना. तोही बिचारा मान खाली घालूनच बसायचा.

नजरेतून हा आजार पसरत नाही, हे आधी मुलांना सांगा. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि डोळ्याला सारखा हात जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. विषाणू असतो डोळ्यातल्या पाण्यात. डोळा पुसला, तोच हात कडीला लागला, मग दुसऱ्याने कडी उघडली आणि स्वतःचा डोळा चोळला. झालं काम.

त्या मुलाच्या घरी पाचही जणांचे डोळे एकामागून एक आले. आई धुणीभांडी करते. कामाच्या घरून निरोप आला, बरी झाल्यावर ये. आठवडाभराची मजुरी गेली. ती मला म्हणाली, "मॅडम, मी तं रोज फिनाईल टाकून पोछा मारतो, तरी काहून असं झालं?" तिचं खोटं नव्हतं. फरशी खरंच स्वच्छ होती. पण फरशीला हात लावून आपण डोळा कितीदा चोळतो? त्या घरात टॉवेल एकच होता. न्हाणीची कडी, लाइटची बटणं, मोबाईल, माठावरचा गडवा या सगळ्यांना दिवसभर पाच जणांचे हात लागत होते, आणि त्यांवरून फडकं कोणी फिरवलं नव्हतं. आपल्यापैकी किती घरी फिरतं, सांगा बरं!

हे मुलांना दाखवायला सोपा उपक्रम आहे. एका मुलाच्या तळहाताला थोडं खोबरेल तेल आणि रांगोळीचा रंग लावा (डोळे-तोंडाला हात लावायचा नाही, हे आधी बजावा) आणि त्याला नेहमीसारखं वावरू द्या. माझ्या वर्गात अर्ध्या तासात दाराची कडी, खडूचा डबा, पाण्याच्या टाकीची तोटी, तीन दप्तरं आणि माझी हजेरीवही, सगळं गुलाबी! कन्हानला तर रंगाचीही तितकी गरज नाही. कोळशाचे ट्रक आणि जवळच्या खाणींमुळे काळी धूळ आपल्या घरात येतेच. बटणाभोवती जो काळपट गोल डाग दिसतो ना, तिथेच घरातले सगळे हात लागतात. पुसायचं तिथून सुरू करा.

आता पुसायचं कसं? रोजच्यासाठी साबणाचं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. बटणांवर पाणी शिंपडू नका, मेन स्विच बंद करून पुसा. घरात कोणी आजारी असेल तर कडी, तोटी साबणाने पुसून झाल्यावर ब्लीच वापरा. पाच टक्क्यांचं द्रव ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात वीस मिलिलिटर. द्रावण रोज ताजं करा, पाच-दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. मळावर नुसतं ब्लीच ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

काही पालक म्हणतात, "कोरोनात आम्ही भाजीसुद्धा धुतली साबणाने, शेवटी कळलं की तो हवेतून पसरतो." बरोबर आहे. वस्तूंना हात लावून कोरोना होण्याची शक्यता कमी असते, हे २०२१ पर्यंत स्पष्ट झालं होतं. (भाजीला साबण तेव्हाही नको होता.) पण डोळ्यांची साथ आणि जुलाब-उलट्यांचे बरेच विषाणू वेगळे. ते कोरड्या वस्तूंवरही टिकतात आणि सॅनिटायझरला सहज दाद देत नाहीत. हात साबणाने चोळून धुतले की ते पाण्यासोबत निघून जातात.

त्या मुलाच्या आईने नंतर भिंतीत पाच खिळे ठोकले आणि जुन्या सुती साडीचे पाच तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा टांगला. खर्च फक्त खिळ्यांचा.

मी वर्गाला गृहपाठ दिला होता: घरातल्या कोणत्या वस्तूला सगळ्यांत जास्त हात लागतात, ते मोजून आणा. कोणी फ्रिज लिहिला, कोणी गेटची कडी. एका मुलीने टीव्हीच्या रिमोटसमोर शून्य लिहिलं होतं. विचारलं तर म्हणे, "मॅडम, त्याले आमच्या घरी फक्त बाबाच हात लावते."