पगारातली कात्री

दिवाळीच्या अंकात आयकराचा विषय काढणे म्हणजे चिवड्यात खडा टाकण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या उमरग्यात हा विषय तसा अपूर्वाईचाच! सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव निजामाच्या राज्यातले. भारताचा आयकर हैदराबाद राज्याला लागू झाला तो १९५० साली. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. तेव्हा तूर-सोयाबीनवाल्या शेजाऱ्यांत कर भरतो तो बिचारा पगारदार.

आणि या पगारदाराला एक गोड भ्रम असतो. माझा प्राध्यापक पुतण्या नेहमी म्हणे, "काका, माझा कर ऑफिसच कापते. मला काय त्याचे?"

ऑफिस कापते ते त्याला ठाऊक असलेल्या उत्पन्नावर. पुतण्याने लेकीच्या शिक्षणासाठी ठेव ठेवली होती. तिचे वर्षाचे व्याज दोन लाख. बँकेने त्यातले दहा टक्के, म्हणजे वीस हजार, कापले आणि तो निर्धास्त झाला. पण पगारामुळे तो वीस टक्क्यांच्या पायरीवर बसलेला! व्याजावरचा कर उपकरासह ४१,६०० झाला. उरले २१,६००.

अशी उरलेली रक्कम दहा हजार किंवा त्याहून अधिक असली, की ती वर्ष संपण्याआधी हप्त्याहप्त्याने भरावी लागते: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळी. (कमवाल तसे भरा, ही रीत आपल्याकडे १९४४ पासूनची आहे, इंग्लंडातल्या पगारदारांनाही ती त्याच वर्षी लागली.) साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसाय नसलेल्या माझ्यासारख्यांना यातून सूट आहे. म्हातारपणाचे काही तरी सुख असायचेच!

पुतण्याने जुलैत विवरणपत्र भरायला घेतले, तेव्हा महिना एक टक्क्याने, हप्ते चुकल्याचे आणि एप्रिलपासूनचे असे दुहेरी व्याज सुमारे १,९५० रुपये निघाले. रक्कम प्राणघातक नव्हे. पण साडेतेवीस हजार एकदम काढायचे ते नेमके लेकीच्या लातूरच्या वसतिगृहाचे पैसे भरण्याच्या आठवड्यात! सूनबाई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. ठेव ज्या लेकीसाठी, तिचेच पैसे अडले, हे तिला झोंबले होते.

मी त्याला म्हटले, "अरे, ऑफिसला लिहून दे ना, इतके व्याज येणार आहे म्हणून. तेही पगारातूनच कापतील."

"पण काका, जून तर गेला. पहिला हप्ता चुकलाच की!"

इथे खरी मौज आहे. आधी एकूण करातून कापलेला कर वजा होतो आणि उरेल त्याचे हप्ते मोजतात. पगारातली कपात कोणत्या महिन्यातली, हे कोणी विचारत नाही. स्वतः भरलेल्या पैशाला मात्र तारीख चिकटते. म्हणून पगारदाराने जानेवारीत जागे होऊन उरलेल्या पगारांतून पुरेसे कापून घेतले, तरी व्याज टळते. वर्षामध्येच नोकरी बदललेल्यांनी तर आधीच्या पगाराचा हिशेब नव्या कचेरीला द्यावाच. नाही तर दोघेही करमाफीची पायरी आपापल्या परीने मोजतात आणि कर तुटतो.

पुतण्याने अर्ज दिला. सहा पगारांतून ३,६०० जास्त कापले जाणार आहेत. सूनबाईने किराण्याच्या वहीत तेवढा आकडा आधीच वजा करून ठेवला आहे.