सरकती पक्कड

पक्कड मागण्यास येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास माझे वडील, आप्पा, प्रथम एकच प्रश्न विचारीत : "कशासाठी हवी?" सांगलीच्या पेठेत आमचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. गल्ल्याशेजारी बसून हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. विजेचे काम करणाऱ्यास ते तार कापणारी कॉम्बिनेशन पक्कड देत, नळजोडणीवाल्यास लांब मुठींची वॉटर पंप पक्कड देत. आणि जो नुसते "घरात असावी म्हणून" असे म्हणे, त्याच्या हाती आठ इंची स्लिप जॉइंट पक्कड ठेवीत. घरासाठी पहिले अवजार हेच, असे त्यांचे ठाम मत होते. इतकी वर्षे व्यापार केल्यावर आता ते माझेही झाले आहे.

या पकडीस मी येथे सरकती पक्कड म्हणेन, कारण तिचे सारे वैशिष्ट्य त्या सरकण्यातच आहे. साध्या पकडीचा सांधा एका जागी पक्का असतो. जाड वस्तू धरावयास गेले की तिचे जबडे फाकतात, वस्तूला त्यांची केवळ कड लागते, आणि मुठी इतक्या दूर जातात की तळहातात मावत नाहीत. सरकत्या पकडीत सांध्याच्या खिळीसाठी एकमेकींना जोडलेल्या दोन खाचा असतात. मुठी पूर्ण उघडून खीळ एका खाचेतून दुसरीत सरकवली की जबड्यांमधील अंतर वाढते, पण मुठी हाताच्या आटोक्यात राहतात. म्हणजे एकाच अवजारात लहान व मोठी अशा दोन पकडी सामावतात. जबड्यांच्या टोकाला बारीक दाते, त्यामागे गोल वस्तूसाठी खोलगट भाग व ठसठशीत दाते, आणि काही नमुन्यांत सांध्यालगत बारीक तार कापण्याची धार, अशी तिची घडण असते.

हिशेबाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना तिचा आणखी एक हिशेब आवडेल. सांध्यापासून दाते तीन सेंटिमीटरवर आणि हाताची पकड बारा सेंटिमीटरवर असेल, तर हाताने दिलेला दाब दात्यांपाशी सुमारे चौपट होतो. पाच किलोचा जोर वीस किलोचे काम करतो. म्हणून हे अवजार केवळ बळकट मनगटांसाठी नाही. ज्यांच्या मनगटात बळ कमी, त्यांनाच ते अधिक हवे.

दिवसभरात ते किती ठिकाणी लागते, हे मोजू गेल्यास आश्चर्य वाटेल. डिंकाच्या बाटलीचे घट्ट बसलेले झाकण, भिंतीतून अर्धा बाहेर आलेला खिळा, वाकलेला कडीचा आकडा, सायकलच्या टोपलीची सुटलेली तार, तुटलेली चेन ओढण्याची पट्टी. दुकानात मालाच्या खोक्यावरील तार पिळणे, गोणीच्या शिवणीतील अडकलेला दोरा ओढणे, शटरच्या कुलपाची रुतलेली खीळ हलवणे. पाना नट फिरवीत असता मागील बाजूने बोल्टही फिरू लागतो, तेव्हा तो धरून ठेवण्याचे काम तर तिच्याइतके सोयीने दुसरे कोणी करीत नाही. यांतील एकाही कामासाठी कारागीर बोलावणे परवडत नाही, आणि एकही काम न केल्यास चालत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले, तेव्हा या अवजाराची खरी परीक्षा झाली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडले, तर खालच्या फडताळातील सारा माल गाळात बसला होता. घरोघरी नळ गाळाने गच्च झालेले, कड्या गंजलेल्या, आणि नळाचा कारागीर तर साऱ्या गावाला एकाच वेळी हवा होता. आप्पांनी भिजलेल्या पकडी वेगळ्या काढल्या. त्या घासलेटात बुडवून, तारेच्या ब्रशने घासून, उन्हात वाळवून आम्ही प्रत्येकीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला. चांगल्या घडणीच्या पकडी पुन्हा अलगद सरकू लागल्या. स्वस्त मालातील बऱ्याच पकडींचा सांधा मात्र जो धरला, तो सुटलाच नाही.

त्या धडधाकट दोन डझन पकडी आप्पांनी विकल्या नाहीत. पाण्यातला माल नवा म्हणून विकणे त्यांना मान्य नव्हते. एका टोपलीत घालून त्यांनी त्या पायरीवर ठेवल्या आणि येणाऱ्यास सांगितले, "काम करा, आणून द्या."

शेजारच्या आक्का एकट्या राहतात. वयाची सत्तरी उलटलेली. त्यांच्या टाकीखालील नळ बसला होता. "आप्पा, माझ्या हातांत आता जोर नाही हो," त्या म्हणाल्या. आप्पांनी खीळ मोठ्या खाचेत सरकवून पक्कड त्यांच्या हाती दिली व म्हणाले, "आक्का, जोर ती लावते, तुम्ही फक्त मुठी दाबा आणि डावीकडे फिरवा." संध्याकाळी आक्का पक्कड घेऊन आल्या, ती पुसून, फडक्यात गुंडाळून. नळ त्यांनी स्वतः सोडवला होता. दोन डझनांपैकी बावीस पकडी परत आल्या. उरलेल्या दोन कोठे आहेत, हे आप्पांना ठाऊक होते. त्यांनी त्या कधी मागितल्या नाहीत.

हे सांगताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तो व्यापार प्रामाणिक नव्हे. ज्या नटास पाना बसतो, त्यास पक्कड लावू नये. दात्यांनी कोपरे झिजतात आणि पुढे पानाही बसत नाही. पितळी किंवा चकचकीत मुलाम्याच्या तोटीवर आधी जाड कापड गुंडाळावे. पकडीने हातोडीचे काम करू नये. मुठींवरील रंगीत आवरण पुष्कळदा केवळ हात न घसरण्यासाठी असते. १००० व्होल्टची खूण नसल्यास ते विजेपासून वाचवील असे मानू नये, आणि खूण असली तरी आधी मेन स्विच बंद करावा.

घेताना उजेडासमोर धरून पाहावी. मिटल्यावर टोके नेमकी जुळली पाहिजेत. सांधा आडवा डुलता कामा नये. खीळ हाताने सहज सरकावी, पण काम करताना आपोआप सरकू नये. नाशिक व जालंधर येथून उत्तम माल येतो. माझे चिरंजीव म्हणतात, "बाबा, स्वस्त मालावर नफा अधिक सुटतो, आणि ती बिघडली की गिऱ्हाईक पुन्हा येते." हिशेब चुकीचा नाही. परंतु ते गिऱ्हाईक आपल्याच दुकानात येईल, हे त्या हिशेबात गृहीत धरलेले आहे. चांगली पक्कड घेतलेला मनुष्य दुसऱ्या पकडीसाठी येत नाही, हे खरे. तो कुलूप, बिजागरी आणि मुलाच्या नव्या घराचे सारे सामान घेण्यास येतो. हे चिरंजिवांना मी अजून पटवतो आहे.

तोवर वाचकांस एकच विनंती. पक्कड माळ्यावरील पेटीत बंद करून ठेवू नका. ती स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला, घरातील प्रत्येकाचा हात पोहोचेल अशा उंचीवर टांगा. आणि मुलांइतकेच मुलींना व सुनांनाही खीळ कशी सरकवावी ते एकदा दाखवा. त्यास दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.